दोन दिवसांत काय दिसतं?

कर्जतला शनिवार उजाडला की तो आधी स्टेशनावर कळतो. पावसाळ्यात पहाटेच्या लोकलपासूनच गर्दी बदलते. पाठीला सॅक, अंगावर नवेकोरे रेनकोट, आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याला पहिला प्रश्न ठरलेला: धबधबा कुठे? काही जण आधीच भिवपुरीला उतरलेले असतात, काही कोंढाण्याची वाट विचारतात, काहींना न्यायला फार्महाउसची गाडी आलेली असते. रविवारी संध्याकाळी तीच मंडळी चिखलाचे पाय घेऊन परत फलाटावर येतात. या दोन दिवसांवर इथल्या कितीतरी घरांची चूल चालते. रिक्षा, वडापावची गाडी, फार्महाउसवरचा स्वयंपाक, सगळं त्यावर अवलंबून असतं. म्हणून येणाऱ्यांना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही.

माझ्या थोरल्या भावाला मात्र जमतं. माझी लेक एका सत्रासाठी जर्मनीत कार्ल्सरुहेला गेली होती. तिथून ती बरोबरच्या परदेशी विद्यार्थ्यांसोबत एका शनिवार-रविवारी फ्रान्सला जाऊन आली. त्यावरून या दोघांत जे वाजलं ते अनेक बैठकांत वाजलं. दादा खोपोलीला राहतो. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत तो आमच्याकडे दहिवलीला येतो, चहा होतो आणि विषय तिथेच येऊन थांबतो. ते सगळं मी इथे सलग मांडते आहे, कारण वाद वरवर सहलीचा असला तरी तो आमच्या गावाबद्दलही होता.

दादा रेल्वेत लोको पायलट होता. नोकरीतली बरीच वर्षं बँकरवर गेली. मुंबईकडून येणारी गाडी कर्जतला थांबते, मागून ही बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत तिला घाट चढवतात. वर ती सुटी होतात, मोकळीच खाली येतात आणि पुढच्या गाडीला लागतात. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट चढ. माणसाने आयुष्यभर तेवढीच वाट वर-खाली केली, तर दोन दिवसांत परदेश पाहून येणाऱ्याबद्दल त्याला काय वाटेल हे सांगायला नको.

“अभ्यासाला पाठवलं होतं तुला,” त्याने सुरुवात केली. “शनिवार-रविवार देश बघत फिरायला नव्हे.”

“देश नाही रे मामा, एक शहर. स्ट्रासबुर्ग. ऑफेनबुर्गला गाडी बदलायची, केहलला उतरायचं. तिथपर्यंत महिन्याचा पास चालतो. पुढे ट्राम. ती ऱ्हाईन नदीच्या पुलावरून जाते. अलीकडे जर्मनी, पलीकडे फ्रान्स, मध्ये काहीच नाही. २०१७ पासून ती ट्राम सुरू आहे. लोक त्यातून दूध-भाजी आणायला जातात-येतात.”

“ते लोक दूध आणायला जातात. तुम्ही कशाला गेलात?”

“फिरायला.”

“हां. मग आमच्याकडे येतात ते आणि तुम्ही, फरक काय?”

लेक गप्प बसली नाही. पण त्या क्षणी तिच्याकडे नेमकं उत्तर नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. दादाने तो धागा सोडला नाही.

“इर्शाळगडावर किती वर्षं पोरं जात होती, सांग. वाट इर्शाळवाडीतूनच. वाडीत पाणी प्यायचं, भाकरी खायची, वर जाऊन नेढ्यात फोटो काढायचे, संध्याकाळी घरी. २०२३ च्या जुलैत, १९ तारखेच्या रात्री डोंगर वाडीवर आला. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. एवढी वर्षं एवढे लोक त्या वाटेने गेले. वाडीला रस्ता नाही, आजारी माणूस उचलून खाली आणावा लागतो, हे त्यांतल्या किती जणांच्या डोक्यात घरी गेल्यावर राहिलं? शनिवार-रविवारच्या माणसाला डोंगर दिसतो बाय, वाडी दिसत नाही.”

खालापूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाने हे म्हटलं की त्याला उत्तर देणं अवघड असतं. पण लेक याच मातीतली आहे.

“मामा, मग दुसरी बाजूही सांग. त्या रात्री वर जायला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी चढला नाही, फावड्या-कुदळींनी माती उपसावी लागली. पावसात, अंधारात वाट ठाऊक असलेल्यांची गरज होती, आणि त्यांत गावकऱ्यांबरोबर ट्रेकर होतेच की. शनिवार-रविवारीच शिकलेली वाट होती ती. ज्याने वाडीत भाकरी खाल्ली त्याला निदान कुणाच्या हातची खाल्ली ते आठवलं. जो कधी आलाच नाही त्याला काय आठवणार?”

“सगळे तसे नसतात.”

“सगळे नसतातच. पण दोन दिवसांवर राग का? राग माणसावर धर.”

इथे मला लेकीचं पटलं. पावसाळ्यात आमच्या दोन्ही तालुक्यांत धबधब्यांवर, धरणांवर बंदीचे आदेश निघतात, कारण माणसं खरोखर बुडतात. नुकती लावणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून पोरांचे घोळके जातात आणि बांध फुटतात. ते मी पाहिलेलं आहे. पण इथे वर्षानुवर्षं राहून ज्यांनी शेजारची ठाकरवाडी कधी पाहिली नाही अशी माणसंही मी पाहिली आहेत, आणि त्यांत आम्हीही येतो. मुक्काम लांबला म्हणजे नजर आपोआप लांब जाते, असं नाही.

मग दादाने विचारलं, “बरं, तिकडे तुला कोण दिसलं? तिथल्या किती माणसांशी बोललीस?”

“तिथल्या? फारशी कुणाशी नाही. बेकरीवाली, होस्टेलचा माणूस, ट्राममधल्या एक आजी. मी फ्रान्स पाहिला असं म्हणतच नाहीये. मी माझ्याबरोबरची चौघं पाहिली.”

ही चौघं म्हणजे एक पोलंडची मुलगी, एक तुर्कस्तानचा मुलगा, एक ब्राझीलचा, एक जपानची मुलगी. वर्गात ही सगळी एकाच इंग्रजीत बोलतात, तेच असाइनमेंट करतात, त्याच मेसमध्ये जेवतात आणि एकमेकांबद्दल त्यांना काही कळत नाही. लेकीचं म्हणणं असं, की एका खोलीत सहा पलंगांच्या होस्टेलवर रात्र काढली, सामायिक स्वयंपाकघरात एकाच पातेल्यात पास्ता शिजवला आणि परतीची गाडी चुकते की काय म्हणून एकत्र धावलं, की मगच माणूस सापडतो. ब्राझीलचा मुलगा प्रत्येक खर्च वहीत लिहीत होता, कारण घरच्यांनी कर्ज काढलं होतं. जपानी मुलगी कुणालाही न सांगता सगळ्यांचे कप धुऊन ठेवत होती. आणि पोलंडची मुलगी एका दगडी पुतळ्यापुढे इतका वेळ उभी राहिली, की बाकीचे चौघं पुढे जाऊन परत आले.

त्या पुतळ्याबद्दल लेक जे बोलली ते मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्ट्रासबुर्ग ज्या प्रांतात आहे तो अल्सास १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सकडे. घर न बदलता माणसाचा देश चार वेळा बदलला. पहिल्या महायुद्धात इथली पोरं बहुतेक जर्मन गणवेशात लढली, आणि युद्ध संपलं तेव्हा गाव फ्रान्सचं झालं होतं. मग युद्धस्मारक उभारायचं तर कोणत्या सैनिकाचं? त्यांनी १९३६ मध्ये जे उभारलं ते असं: एक आई बसलेली, तिच्या आधाराने दोन मरणारे मुलगे. अंगावर गणवेश नाही. एक फ्रान्सच्या बाजूने गेला, एक जर्मनीच्या. दोघांचे हात एकमेकांत गुंतलेले. खाली कोरलं आहे ते एवढंच, की आमच्या मृतांना. फ्रान्समधल्या बऱ्याच स्मारकांवर ‘फ्रान्ससाठी’ असं लिहितात, ते इथे नाही.

“आम्ही गेलो तो ११ नोव्हेंबरनंतरचा शनिवार होता,” लेक म्हणाली. “पहिलं महायुद्ध त्या तारखेला थांबलं, तिकडे सुट्टी असते. पायरीशी पुष्पचक्रं होती, फुलं थंडीने काळवंडलेली, फिती पावसाने चिकटलेल्या. तुर्की मुलगा म्हणाला, चला, थंडी वाजते. पोलंडची मुलगी हललीच नाही. मग तिने सांगितलं. तिचा पणजोबा सिलेशियाचा. जर्मनांनी तो मुलूख घेतला आणि त्याला स्वतःच्या फौजेत भरती केलं. त्याचा धाकटा भाऊ पोलिश फौजेत, इटलीत लढला. घरी आजीकडे भिंतीवर धाकट्याचा फोटो आहे. थोरल्याचा कपाटाच्या खणात, कारण त्याच्या अंगावर जर्मन कोट आहे. ती म्हणाली, आमच्या घरात हा पुतळा हवा होता. मामा, हे मला कार्ल्सरुहेच्या ग्रंथालयात कोण सांगणार होतं?”

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने जे विचारलं त्याची मला अपेक्षा नव्हती.

“उंबरखिंडीला गेली आहेस?”

“शाळेच्या सहलीत.”

“काय पाहिलंस?”

“स्मारक. डबे खाल्ले.”

“मग ऐक. १६६१, फेब्रुवारीची दोन तारीख. मुघलांचा कारतलबखान फौज घेऊन घाट उतरला. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रान, वरून शिवाजी महाराजांचे मावळे. खान कोंडला गेला. पाणी नाही. शेवटी खंडणी देऊन सुटला. हे पुस्तकात आहे. पण त्या खानाच्या फौजेत कोण होतं? माहूरची रायबागन होती. मराठी सरदार होते. खानाला शरण जा म्हणून सांगणारी तीच. म्हणजे खिंडीत खालीही आपलेच, वरही आपलेच. तुझ्या त्या पुतळ्यासारखंच.”

“मग आपल्या स्मारकावर खालचे कुठे आहेत?”

“का असतील? ते स्वराज्य मोडायला आले होते. आपला दगड जिंकणाऱ्याचा आहे आणि तो तसाच असायला हवा. त्या लोकांचा देश दुसऱ्यांनी चार वेळा इकडचा तिकडे केला. त्यांच्याकडे जिंकलेलं काही नव्हतं, म्हणून आई बसवली. आपल्याकडे जिंकलेलं आहे.”

“पण महाराजांनीही त्यांना मारलं नाही. वाट मोकळी करून दिली.”

“दिली. सगळं सामान तिथे ठेवून घेतलं आणि माणसं सोडली. तो मोठेपणा होता, आणि तो जिंकल्यावरच दाखवता येतो.”

या मुद्द्यावर दोघं शेवटपर्यंत एकमताला आले नाहीत. मला दादाचा युक्तिवाद भक्कम वाटतो, आणि तरीही लेकीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. खानाबरोबर आलेल्या त्या मराठी शिपायांची गावं कुठली असतील, त्यांच्या आयांना काय कळलं असेल, हे उंबरखिंडीपाशी चावणीला जाऊनही माझ्या कधी मनात आलं नव्हतं. ते आलं ते ऱ्हाईनकाठच्या एका पुतळ्यामुळे, तेही मी न पाहिलेल्या. दोन दिवसांची सहल कुठवर पोचू शकते याचं एवढं एक उदाहरण माझ्यापुरतं पुरेसं आहे.

दादाचा खरा आक्षेप मात्र पुढच्या बैठकीत बाहेर आला. त्याला प्रवासाबद्दल तक्रार नव्हती. कामाशिवायच्या प्रवासाबद्दल होती.

“घाट कुणी बांधला माहीत आहे? साहेबाने, असं सगळे म्हणतात. कंत्राट घ्यायला सॉलोमन ट्रेडवेल नावाचा माणूस १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि महिन्याभरात वारला. त्याची बायको ॲलिस. ती परत जाऊ शकत होती. नाही गेली. कंत्राट स्वतःकडे घेतलं, माणसं नेमली, आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. परक्या देशात येणं म्हणजे ते. हात मातीत घालायचा.”

“तिने हात मातीत घातला? की मजुरांनी?”

दादा हसला. तोच प्रश्न तो स्वतः नोकरीभर विचारत आलेला होता, हे मला माहीत आहे. कामाच्या भरात एका टप्प्यावर ४० हजारांहून अधिक माणसं त्या घाटात राबत होती. बोगदे पंचवीस. पटकीने माणसं रांगेने गेली. कड्यावरून दोर सोडून सुरुंगाची भोकं पाडावी लागत.

“त्यांची नावं मी कुठे कोरलेली पाहिली नाहीत,” दादा म्हणाला. “घाटात मंकी हिलला थांबलो की खाली दरी दिसते. एवढी वर्षं गाडी ढकलली, पण कुणाच्या हाडांवरून ढकलतोय ते एका पाटीवर नाही. तिकडे त्या लोकांनी निदान ‘आमचे’ तरी लिहिलं.”

हे बोलताना तो सहलीच्या विरुद्ध बोलत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. लेकीच्या आलं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही, आणि मला तिचा अभिमान वाटला.

कामासाठी प्रवास की प्रवासासाठी प्रवास, हा वाद आपल्याकडे जुना आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेला निघाले ते कर्ज फेडायला, यज्ञाची दक्षिणा मिळवायला. वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात ते अडकले, लुटले गेले, आणि घरी आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. दक्षिणा फारशी हाती राहिली नाही. त्यांनी पुढे लिहून काढलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला आणि आज आपण त्यांना ओळखतो ते त्या पुस्तकामुळे. ज्या कामाला निघाले ते बाजूला राहिलं. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बरोबर, पण निघाले कामालाच. रिकामे निघाले असते तर पहिल्या चौकीवरून परत आले असते.” मला याला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

लेकीने उत्तर म्हणून एक फोटो दाखवला. आनंदीबाई जोशी, माहेर कल्याणचं, म्हणजे आमच्या लोकलच्या रुळांवरचंच. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेला तो फोटो प्रसिद्ध आहे: आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केइ ओकामी किमोनोत, तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली तिकडच्या पोशाखात. तिघी परदेशी विद्यार्थिनी.

“आनंदीबाईंची पदवी सगळ्यांना पाठ आहे,” लेक म्हणाली. “पण या तिघी आपसात काय बोलल्या असतील? कोणाला काय खायला चालत नव्हतं, कुणाच्या घरून पत्र आलं नव्हतं, हे फक्त या तिघींना माहीत असणार. तेही शिक्षणच होतं.”

“ती तिथे तीन वर्षं राहिली, थंडीत खंगली, आणि परत येऊन काही महिन्यांत गेली. तिच्याशी तुझ्या सहलीची बरोबरी करू नकोस.”

“बरोबरी नाही करत. एवढंच म्हणते, की ती एकटी शिकली नाही.”

पैशांबद्दल आम्ही फार बोललो नाही. खर्च तिने तिथल्या विद्यार्थी नोकरीतून केला होता, आणि तो विषय तिथेच मिटला. त्याहून जास्त वेळ गेला तो कागदपत्रांवर, कारण तिथे मला स्वतःला काळजी होती.

युरोपातल्या काही देशांनी १९८५ मध्ये शेंगेन नावाच्या गावी करार केला आणि आपसातल्या सीमांवरचे नाके उठवायचं ठरवलं. जर्मनीचं निवासपत्र हाती असलं की आपल्या मुलांनाही थोड्या दिवसांसाठी शेजारच्या देशात जाता येतं. अलीकडे मात्र जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर अधूनमधून तपासणी पुन्हा सुरू केली आहे. परतताना केहलला पोलीस चढले. सगळ्यांनाच कागद मागितले, सभ्यपणे.

“पोलंडच्या मुलीने ओळखपत्र दाखवलं, झालं,” लेक म्हणाली. “जपानी मुलीचा पासपोर्ट बघून परत दिला. मी आणि तुर्की मुलगा, आम्ही दोघांनी पासपोर्ट, निवासपत्र, विद्यापीठाचं पत्र असं सगळं आधीपासून हातात धरून ठेवलं होतं. एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, अगदी सारख्या. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाकीच्यांना तसला फोल्डर लागत नाही. पोलंडच्या मुलीने विचारलं, तुम्ही हे रोज घेऊन फिरता? तिला खरंच माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तिने आम्हाला तिच्या घरच्या खणातला फोटो सांगितला होता, आता आम्ही तिला फोल्डर सांगितला.”

“म्हणजे पुलावर मध्ये काहीच नव्हतं, ते कुणासाठी?” दादाने विचारलं.

“तेच तर. पुलावर काही नसतं हे खरं आहे, आणि आम्हाला फोल्डर लागतो हेही खरं आहे. दोन्ही एकाच ट्राममध्ये बसून कळलं.”

त्या दिवशी दादा जाताना म्हणाला, “पोर काही वाया गेलं नाही.” पण हे तो मला म्हणाला, तिला नाही.

आता पोलंडची मुलगी डिसेंबरात भारतात येते आहे. दिल्ली, राजस्थान, मग मुंबई, आणि त्यांतले दोन दिवस आमच्याकडे. म्हणजे वाद फिरून आमच्याच दारात आला. दोन दिवसांच्या पाहुणीला कर्जत-खालापूर कसं दाखवायचं?

दादाने लगेच वेळापत्रक मांडलं. पहिल्या दिवशी खोपोली-पाली रस्त्याने चावणी, अंबा नदीच्या पात्रातून उंबरखिंड, आणि रायबागनची गोष्ट तिथे उभं राहून सांगायची, तीही पूर्ण. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंढाणे. तिथल्या चैत्याशी मूर्तीच्या डोक्याजवळ कोरलेला लेख आहे, की कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव वाचायला मिळतं, हे दादाला फार मोलाचं वाटतं. वरच्या कार्ल्याला तर यवन दात्यांची नावं खांबांवर आहेत, परक्या मुलखातून येऊन इथे राहिलेल्यांची. दुपारी कर्जतहून घाट चढायचा, बँकर लागतो अशा गाडीने. बँकर लागेपर्यंत फलाटावर वडा. डब्याच्या दारात उभं न राहता खिडकीशी बसून बोगदे मोजायचे.

“आणि घाटात मेलेल्या मजुरांबद्दल मी सांगणार,” तो म्हणाला. “इंग्रजी तू कर.”

“इर्शाळवाडीचं काय?” लेकीने विचारलं.

“नाही.”

“का?”

“ती माणसं आता कुठे सावरताहेत. त्यांना दाखवायला नेणार? दगडाच्या पुतळ्यापुढे तासभर उभं राहिलं तरी दगडाला काही होत नाही. इथे जिवंत माणूस आहे. ज्याची बायको-पोरं मातीखाली राहिली त्याच्यापुढे परदेशी पाहुणी उभी करणार?”

“दाखवायला नाही मामा, भेटायला. तिला घरातल्या मेलेल्यांबद्दल कसं बोलतात ते कळतं.”

“तुझी ओळख आहे तिथे कुणाशी?”

“नाही.”

“मग तुझ्या मैत्रिणीची भेट तू कशी घालून देणार?”

यावर लेक काही बोलली नाही. मलाही दादाचंच खरं वाटलं. ओळखीशिवाय कुणाच्या दुःखाच्या दारात जाऊ नये, मग जाणारा दोन दिवसांचा असो की वीस वर्षांचा.

“चौकला आमच्या रेल्वेतला एक जण राहतो,” थोड्या वेळाने दादा म्हणाला. “त्याचं वाडीत नातं होतं. आधी तू चल, एकटी. बस, बोल, चहा घे. पुन्हा जा. मग डिसेंबरात त्यांनाच विचार, मैत्रीण आली तर चालेल का. नाही म्हणाले तर नाही.”

“येत्या रविवारी जाऊ.”

“रविवारी नको. रविवारी सगळा मुंबई-पुणे रस्त्यावर असतो. बुधवारी.”

“बुधवारी कॉलेज आहे माझं.”

“बुडव,” दादा म्हणाला.